विश्लेषण : आरटीई प्रवेशासाठी पात्र कोण? 1 लाखाची अट कुणाला, कुणाला नाही?

महिन्याला 8,333 रुपये. पालकांचे उत्पन्न याच्या वर गेले, की खुल्या प्रवर्गातील मूल आरटीईच्या मोफत प्रवेशासाठी 'आर्थिक दुर्बल' राहत नाही. रोज 300 रुपये मिळवणाऱ्या मजुराने महिन्यात 28 दिवस काम केले, तर त्याचे वर्षाचे उत्पन्न 1,00,800 रुपये होते. म्हणजे तोही अपात्र. या मर्यादेत बसणारे कुटुंब पुण्या-मुंबईत घरभाडे कसे भरते, हा प्रश्न दाखला देणाऱ्या कार्यालयाला बहुधा पडत नसावा.

शाळा खासगी आणि फी सरकारची, अशा योजनांना परदेशात 'व्हाउचर' म्हणतात. आपल्याकडे त्याच्या सर्वात जवळ जाणारी तरतूद म्हणजे शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 12(1)(क). खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या. फरक इतकाच, की इथे पालकाच्या हाती कूपन येत नाही, पैसे थेट शाळेला मिळतात. राज्यात 2025-26 साठी सुमारे 1.09 लाख जागा होत्या आणि अर्ज आले 3 लाखांहून अधिक.

उत्पन्नाची अट नक्की कुणाला?

गोंधळ इथेच होतो. पात्रतेचे दोन वेगळे दरवाजे आहेत. पहिला 'वंचित घटक'. यात अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग, अनाथ, एचआयव्ही बाधित किंवा प्रभावित बालके आणि कोविडमध्ये पालक गमावलेली मुले येतात. यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दुसरा दरवाजा 'दुर्बल घटक'. 1 लाखाची अट फक्त याच दरवाजावर आहे.

परिणामी बंगल्यात राहणाऱ्या ओबीसी कुटुंबाचे मूल सोडतीत असू शकते आणि खुल्या प्रवर्गातील सुरक्षारक्षकाचे मूल बाहेर राहू शकते. वंचित घटकांना संरक्षण हवेच, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न दुसऱ्या दरवाजाच्या उंचीचा आहे. नोकरी-शिक्षणातील 10 टक्के ईडब्ल्यूएस आरक्षणासाठी 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब 'आर्थिक दुर्बल' धरले जाते आणि पहिलीच्या प्रवेशाला मात्र 1 लाख!

ही मर्यादा संसदेने ठरवलेली नाही. कायद्याने ती ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला आहे, म्हणजे बदलासाठी अधिसूचना पुरते. दिल्लीतही मर्यादा 1 लाखच होती. डिसेंबर 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती 5 लाख करण्यास सांगितले, तर मार्च 2024 मध्ये खंडपीठाने तूर्त अडीच लाखांचा आकडा दिला.

पात्र असूनही प्रवेश का हुकतो?

बहुतेक वेळा कागदांमुळे. जातीचा दाखला वडिलांचा किंवा बालकाचा लागतो, परराज्यातील चालत नाही. त्यामुळे स्थलांतरित कुटुंबांची इथे मोठी अडचण होते. भाड्याने राहणाऱ्यांसाठी भाडेकरार नोंदणीकृत आणि अर्ज भरण्यापूर्वीचा हवा. साध्या स्टॅम्प पेपरवर घरमालकाने सही करून दिलेला कागद पडताळणी समितीपुढे टिकत नाही. पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत मुलाची 6 वर्षे पूर्ण व्हावी लागतात.

त्यानंतर अंतर. शाळेपासून 1 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी संधी, मग 1 ते 3 किलोमीटर. अर्ज भरताना गुगल मॅपवर घराची खूण चुकीच्या जागी लागली, तर सोडतीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश रद्द होऊ शकतो. अर्ज सायबर कॅफेतून भरला असेल, तर ही खूण स्वतः तपासलेली बरी. जास्तीत जास्त 10 शाळा निवडता येतात, पण जिथे मूल खरोखर पाठवायचे आहे त्याच निवडाव्यात. नंबर लागलेल्या शाळेत प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेरीत संधी मिळत नाही.

2024 मध्ये काय झाले होते?

राज्य सरकारने 9 फेब्रुवारी 2024 रोजी नियम बदलले. 1 किलोमीटरच्या परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खासगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्के जागा देण्यातून सूट मिळाली. शहरांत अशी शाळा जवळ नसलेली वस्ती सापडणे कठीण, त्यामुळे मुलांची पात्रता कागदावर तशीच राहिली आणि शाळाच यादीतून गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात बदलाला स्थगिती दिली आणि 19 जुलैला तो रद्द केला.

सरकारने हे का केले, याचे उत्तर बरेचसे पैशांत आहे. शाळेची फी किंवा सरकारचा प्रतिविद्यार्थी खर्च, यातील कमी रक्कम शाळेला द्यावी लागते. राज्यात गेली काही वर्षे ती जास्तीत जास्त 17,670 रुपये धरली गेली, आणि तीही वेळेवर येत नाही, अशी संस्थाचालकांची तक्रार आहे. या थकबाकीचा राग अनेकदा प्रवेशाच्या खिडकीवर पालकांना सोसावा लागतो.

आठवीनंतर काय?

मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंतच आहे. नववीपासून त्याच शाळेची पूर्ण फी भरावी लागते, आणि अर्ज भरतानाच पालकांनी शाळेची नववीची फी विचारून ठेवलेली चांगली.