एग्मोर स्थानकावरील मांस

सन 2018 च्या नोव्हेंबर महिन्यात चेन्नईच्या एग्मोर रेल्वे स्थानकावर जोधपूरहून आलेले दोन हजार किलोग्रॅमहून अधिक मांस अधिकाऱ्यांनी जप्त केले. सोललेल्या धडांच्या शेपट्या काहीशा लांब दिसत होत्या. तेवढ्यावरून हे मांस कुत्र्याचे असल्याची वार्ता उठली व पाहता पाहता शहरभर पसरली. मटण विकणाऱ्यांना आणि बिर्याणीच्या दुकानांना तिची झळ लागली. थोड्याच दिवसांत मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा निर्णय आला: मांस शेळीचे होते.

कातडे, शिंगे आणि खूर गेल्यावर प्राणी ओळखणे जाणत्यालाही अवघड जाते. शेपटीची लांबी तर जातीगणिक बदलते. प्रयोगशाळा मात्र पेशीकडे पाहते. प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक असतात व त्यांत त्यांचे स्वतःचे डीएनए असते. त्यातील काही भागांची रचना शेळीत एक, मेंढीत दुसरी, कुत्र्यात तिसरी अशी असते. नखाएवढ्या तुकड्यातून असा भाग वेगळा काढून त्याच्या असंख्य प्रती करतात आणि ज्ञात नमुन्यांशी ताडून पाहतात. एका पेशीत या डीएनएच्या अनेक प्रती असल्याने मांस शिजलेले असले तरी ही परीक्षा बहुधा साधते.

येथे लोकांचे समाधान झाले. परंतु मांस कोणाचे, हा प्रश्न सुटला म्हणून ते खाण्यास योग्य होते, असे ठरत नाही. दोन हजार किलोमीटरांहून लांबच्या प्रवासात ते किती थंड राहिले, हा खरा आरोग्याचा प्रश्न होता आणि त्याची चर्चा फारच थोडी झाली. सुमारे 5 ते 60 अंश सेल्सिअस या उष्णतामानात जंतू जोमाने वाढतात. अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. या हिशेबाने एका जंतूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक जंतू होतात. बर्फ वितळलेल्या पेटीत शेळीचे उत्तम मांसही सुरक्षित राहत नाही.

शासकीय देखरेखीचा आरंभ मात्र त्याहून पुष्कळ आधी, जनावर जिवंत असतानाच होतो. मद्रास प्रांताने सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा 1939 सालीच केला होता; आज देशभर 2006 चा अन्नसुरक्षा व मानके कायदा लागू आहे. चेन्नई महानगरपालिकेचे कत्तलखाने पेरांबूर, सैदापेट व विल्लिवाक्कम येथे आहेत. कत्तलखान्यात पशुवैद्याने प्रथम जनावराची चाल, श्वास व ताप पाहावयाचा असतो. ही पायरी गाळून चालत नाही. फाशी रोगाने ग्रासलेले जनावर कापले गेले, तर त्याचे रक्त हवेशी संपर्कात येऊन टिकाऊ बीजाणू तयार होतात आणि खाटकाच्याही जिवावर बेतते. कत्तलीनंतर फुप्फुसे, यकृत व लसिकाग्रंथी तपासतात. क्षयाच्या गाठी, यकृतातील चपटे कृमी, पाण्याने भरलेल्या कृमिकोशिका येथेच दृष्टीस पडतात. निर्दोष ठरलेल्या धडावर शिक्का उमटतो.

2001 च्या नियमांनुसार एका पशुवैद्याने तासाला 12 व दिवसाला 96 हून अधिक जनावरे तपासू नयेत. म्हणजे एका जनावरासाठी निदान पाच मिनिटे मिळावीत. गल्लीच्या कोपऱ्यावर पहाटे कापलेल्या बोकडाला ही पाच मिनिटे मिळत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाने शिक्का विचारणे हीही देखरेखच होय. दुकानदाराला त्याचा राग येण्याचे कारण नाही.

घराच्या उंबरठ्याशी निरीक्षकाचा अधिकार संपतो. तेथे कच्चे मांस चिरलेली विळी न धुता तिच्यावरच काकडी चिरली जाते, किंवा मांस नळाखाली खळखळून धुतले जाते. धुण्याने मांस स्वच्छ होते, हा समज जुना आहे. परंतु कोंबडीच्या मांसावरील जंतू त्या पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर व हातांवर पसरतात. ते मरतात उष्णतेने. मांसाचा गाभा 75 अंशांपर्यंत तापला म्हणजे बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. वरून खरपूस भाजलेल्या तुकड्याच्या आत, हाडालगत तांबूस रस दिसत असेल, तर भांडे पुन्हा चुलीवर चढवावे.