बाजारभावाचा फलक व आंकड्यांची चाळण

खळ्यावरील रास एकाच चाळणीनें चाळून कोणीही जाणता शेतकरी स्वस्थ बसत नाहीं. मोठ्या भोकांची चाळण काडीकचरा अडविते, बारीक भोकांची माती खालीं सोडते. दोन्ही फिरल्यावरच स्वच्छ धान्य हातीं येतें. आंकड्यांच्या राशीसही हाच न्याय लागू आहे. म्हणून बाजारभावाचे जे फलक हल्लीं संगणकावर व मोबाइलवर पाहावयास मिळतात, ते कसे वाचावे ह्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भारत सरकारनें २००० सालीं ‘अ‍ॅगमार्कनेट’ ही योजना सुरू केली. तींत बाजारसमित्यांकडून जिन्नसवार आवक आणि क्विंटलामागें किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन भाव गोळा होतात. ज्या भावानें बहुतेक माल विकला गेला तो सर्वसाधारण भाव. किमान व कमाल ह्यांची ती सरासरी नव्हे. असे आंकडे ‘पॉवर बीआय’सारख्या साधनांत घातले म्हणजे स्तंभ, रेघा व कोष्टकें ह्यांचा एक फलक तयार होतो. ह्यासच डॅशबोर्ड म्हणतात. छापील तक्ता जेवढें सांगेल तेवढेंच आपण ऐकावयाचें असतें. येथें मात्र वाचकास प्रश्न विचारतां येतो.

प्रश्न विचारण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला चाळणीचा, म्हणजे फिल्टरचा. फलकावरच जिन्नस, बाजार व तारीख निवडण्याच्या चौकटी असतात, त्यांस स्लायसर म्हणतात. ह्याखेरीज बाजूच्या पट्टींतही चाळण्या असतात. त्यांपैकीं कोणी एकाच चित्रापुरती, कोणी एका पानापुरती, तर कोणी सर्व पानांस लागू होते. दुसरा मार्ग असा कीं, एका स्तंभावर बोट ठेवितांच त्याच पानावरील इतर चित्रांत त्याच्याशीं संबद्ध तेवढाच भाग उठून दिसतो. तिसरा मार्ग खोल उतरण्याचा: सालावरून महिन्यांत, महिन्यावरून दिवसांत. आधीं सगळी रास पाहावी, मग चाळावें, आणि शेवटीं दाणा हातांत घ्यावा, हाच क्रम उत्तम होय.

आतां न चाळतां निर्णय केल्यास काय होतें तें पाहा. पुढील आंकडे केवळ उदाहरणासाठीं कल्पिलेले आहेत. मार्च महिन्यांत लाल व उन्हाळी असे दोन्ही कांदे बाजारांत येतात. पहिल्या बाजारांत ८०० क्विंटल लाल कांदा १,००० रुपयांनीं व २०० क्विंटल उन्हाळी कांदा २,००० रुपयांनीं विकला. दुसऱ्या बाजारांत २०० क्विंटल लाल ९०० रुपयांनीं व ८०० क्विंटल उन्हाळी १,८०० रुपयांनीं विकला. एकंदर सरासरी काढली तर पहिल्याची १,२०० व दुसऱ्याची १,६२० रुपये येते. फलकावर दुसऱ्याचा स्तंभ उंच दिसतो, आणि गाडी तिकडे वळते. परंतु कांद्याच्या जातीची चाळण लावा: लाल कांद्यास पहिल्या बाजारांत १०० रुपये अधिक, उन्हाळी कांद्यासही २०० रुपये अधिक! दुसऱ्या बाजारांत महाग जातीचा माल अधिक आला, एवढ्यानेंच त्याची सरासरी फुगली होती. उन्हाळी कांद्याचे ५० क्विंटल घेऊन जो तेथें जाईल, त्याचे १०,००० रुपये ह्या एका न लाविलेल्या चाळणीपायीं बुडतील; भाडें निराळेंच.

उलट, लाविलेली चाळण विसरणें हेंही तितकेंच घातक आहे. कित्येक फलकांत मागल्या खेपेची निवड पुढल्या खेपेसही कायम राहते. गतवर्षाची तारीख तशीच राहिली, तर जुना भाव आजचा म्हणून वाचला जातो. पॉवर बीआयमध्यें फलक मूळ स्थितीस आणण्याचें बटण असतें. तें आधीं दाबावें, मग निवड करावी. तसेंच कोष्टकांतील रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. त्या दिवशीं बाजार बंद असेल, किंवा आंकडा चढविलाच गेला नसेल. आणि चाळतां चाळतां केवळ दोनचार दिवसांचेच सौदे उरले, तर त्यांवरून अनुमान बांधूं नये. म्हणून भावाशेजारीं आवक नेहमीं पाहावी.

सारांश, शेतकरी बंधूंनीं फलक पाहतांना कोणती चाळण लाविली तें वहींत टिपावें, आणि माल विकल्यावर आपली हिशेबपट्टी त्या टिपणाशेजारीं ताडून पाहावी. फलक गांवोगांवचा भाव सांगतो; आपल्या मालाची प्रत, हमाली, तोलाई व भाडें हें त्यास ठाऊक नसतें. तेवढी शेवटची चाळण ज्याची त्यानेंच लाविली पाहिजे.