नडगी दुखते म्हणून थेट शॉकवेव्ह? भरतीची तयारी करणाऱ्यांनी आधी हे समजून घ्या

पोलीस शिपाई भरतीच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीत 20 गुण एकट्या मोठ्या धावेला असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. त्यामुळे जाहिरात निघाली की कालपर्यंत न धावलेली मुलं पहाटे डांबरी रस्त्यावर रोज पाच-पाच किलोमीटर धावू लागतात. दोन-तीन आठवड्यांत नडगी दुखायला लागते. यालाच ‘शिन स्प्लिंट’ म्हणतात. मग कुणीतरी सांगतं, “शॉकवेव्ह घे, लगेच बरं होतं.” अब्बांनी फीसाठी जमवलेले पैसे मशीनवर खर्च होण्याआधी हे वाचा.

धावताना नडगीच्या हाडाला प्रत्येक पावलाला थोडा ताण बसतो. हाड तो भरून काढतं, पण त्याला वेळ लागतो. ताण एकदम वाढला की हाडाच्या आतल्या कडेला, पोटरीच्या खालच्या भागात, चांगली चार-पाच बोटं लांब जागा दुखते.

खरी भीती वेगळी आहे. दुखणं पसरट नसून एका बोटाने दाखवता येईल अशा जागी असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. तडा असताना पेनकिलर खाऊन धावत राहिलं तर हाड पूर्ण मोडू शकतं. म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, मशीनचं नंतर बघू.

शॉकवेव्हमध्ये विजेचा झटका नसतो, नावावरून घाबरू नका. त्या दाबाच्या लहरी असतात. 1980 मध्ये जर्मनीतल्या म्युनिकमध्ये मुतखडा फोडायला त्या पहिल्यांदा माणसावर वापरल्या. पायासाठीची ताकद त्याहून बरीच कमी असते. हातात धरायच्या यंत्राने दुखऱ्या जागेवर काही मिनिटं ठोके देतात. साधारण आठवड्याला एक, अशी तीन ते पाच सत्रं होतात. यामुळे वेदना कमी होते आणि हाड भरून येण्याला चालना मिळते, असं मानलं जातं. देताना दुखतं, हेही माहीत असू द्या.

फायदा किती? 2012 च्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात 42 खेळाडू होते. टप्प्याटप्प्याने धावण्यासोबत शॉकवेव्ह घेतलेले सरासरी 60 दिवसांत बरे झाले, नुसतं धावणं वाढवत गेलेल्यांना 92 दिवस लागले. पण कोणाला कोणता उपचार, हे तिथे चिठ्ठी टाकून ठरवलं नव्हतं. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात 28 जणांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला, त्यात निम्म्यांना फक्त नावापुरते ठोके दिले. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास लहानच. तरी “लगेच बरं” याला आधार नाही, हे स्पष्ट आहे. ज्यांना फायदा झाला त्यांनाही दोन महिने लागले.

माझं मत विचाराल तर पहिला खर्च चांगल्या बुटांवर करा. दुखणं थांबेपर्यंत धावणं बंद, त्याऐवजी सायकल किंवा पोहणं. मग एक मिनिट धाव, एक मिनिट चाल, मातीच्या मैदानावर. पोटरीचे व्यायाम रोज. मुलींच्या घरच्यांनी एक गोष्ट जरूर बघावी: वजन घटवायला मुलगी जेवण टाळत असेल आणि पाळी अनियमित झाली असेल, तर हाडं कमजोर होतात. तिथे शॉकवेव्ह नाही, पोटभर जेवण आणि डॉक्टर लागतात.

इतकं करूनही काही महिने दुखणं हटलं नाही, तर शॉकवेव्हचा विचार जरूर करावा. गर्भवती असाल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील किंवा वाढीचं वय संपलं नसेल तर आधीच सांगा. आणि पैसे भरण्याआधी विचारा: एकूण सत्रं किती, खर्च किती, आणि तडा नाही याची खात्री कशी केली?