फी कोणी भरायची?

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरात दोन दिवस पेढे वाटले जातात आणि तिसऱ्या दिवशी हिशेबाची वही निघते. चिरंजीवांना इंजिनियर व्हायचे असते, कन्येला डॉक्टर. वडील प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा पाहतात, आई लॉकरमधल्या पाटल्या आठवते, आणि आजोबा कोपऱ्यातून म्हणतात, "आमच्या वेळच्या वर्षाच्या फीत आज एक पुस्तकसुद्धा यायचे नाही!"

सगळे हसतात. पण आजोबांच्या बोलण्यात एक प्रश्न दडलेला असतो, तो कोणी विचारत नाही. आजोबांची फी थोडी होती, ती काय कॉलेज चालवायला खर्च येत नव्हता म्हणून? छे! खर्च तेव्हाही येत होताच. तो दुसरे कोणी तरी भरत होते, एवढेच. ते कोण, हे पाहिले की आजच्या भांडणाचाही थोडाफार उलगडा होतो.

राजाची थैली, गुरुजींचे पोट

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एका तरुणाला अमेरिकेत शिकायला पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्यात हजर झाले. पण जातीपायी त्यांना शहरात राहायला जागा मिळेना, आणि नोकरी सोडून परतावे लागले. जमाखर्चाच्या वहीत पाहिले तर बडोद्याचे पैसे बुडाले. पण त्याच शिक्षणाच्या बळावर पुढे देशाची घटना लिहिली गेली. आता सांगा, हा व्यवहार नफ्याचा की तोट्याचा? पुढे लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करताना स्वतःची शिल्लक, मित्र नवल भाथेना यांची उसनवारी आणि शाहू महाराजांची मदत अशी मोट आंबेडकरांना बांधावी लागली. एका खिशाने उच्च शिक्षण होत नाही, हा धडा तेव्हाचाच आहे.

राजे सगळ्यांनाच कुठले मिळणार? पुण्यात ती उणीव गुरुजींनी भरून काढली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद वीस वर्षे बांधून घेत. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखा माणूस महिना पंचाहत्तर रुपयांवर फर्ग्युसनमध्ये शिकवीत राहिला. बाहेर याच्या कितीतरी पट मिळवता आले असते. म्हणजे विद्यार्थ्याच्या फीचा मोठा हिस्सा शिक्षकाने न घेतलेल्या पगारातून भरला जात होता. त्याची पावती मात्र कोणाला मिळाली नाही!

साताऱ्याकडे आणखी वेगळा प्रकार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह थाटले. मुले शेतात राबत, विटा-दगड वाहत आणि शिकत. तिथे फी घामाने भरली जाई. तरीही कोठी रिकामी पडे, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही. मुलाच्या फीसाठी दागिना मोडणारी आई आपल्या ओळखीची आहे. परक्याच्या मुलांसाठी मोडणारी विरळाच.

जोतीरावांचा सवाल

"मग सगळ्यांचे सगळे शिक्षण सरकारने फुकट करावे, म्हणजे झाले!" असे कोणी म्हणेल. थांबा. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी एक बोचरा सवाल टाकला होता. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या कष्टांनी; पण तिच्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ कोणाला? वरच्या वर्गांतल्या मूठभरांना! म्हणून आधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे पाहा, असे त्यांचे म्हणणे.

सवाल आजही शिळा झालेला नाही. मोलकरीण काड्यापेटी घेते, तीवरही कर भरते. त्या करातून शिकलेला हुशार मुलगा परदेशी स्थायिक झाला, तर तिच्या पदरात काय पडले? उलट तोच मुलगा तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून उभा राहिला, तर तिच्या नातवाचा ताप तोच उतरवणार. म्हणजे "फुकट" किंवा "विकत" एवढ्याने प्रश्न सुटत नाही. लाभ ज्याला, भार त्याला, हे सूत्र धरावे लागते. आणि शिक्षणाचा लाभ विद्यार्थी, कुटुंब आणि समाज अशा तिघांना होतो.

ओझे घरावर कसे आले?

१९६० च्या आगेमागे यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वर्षाला बाराशे रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फीमाफी दिली. "ई. बी. सी."ची ती सवलत घेऊन गावोगावची मुले कॉलेजात गेली. शिक्षक, कारकून, अधिकारी झाली. आजच्या शहरी मध्यमवर्गातल्या कितीतरी घरांचा पाया त्या फॉर्मावर उभा आहे.

१९८३ मध्ये वारे फिरले. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, मुलांची परराज्यातली पायपीट वाचली, हे कबूल केलेच पाहिजे. पण खर्चाचे सारे गाठोडे एकाच डोक्यावर आले, ते पालकाच्या. फीखेरीज देणग्यांचा सुळसुळाट इतका झाला की १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला.

मग प्रकरण न्यायालयांत गेले. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोड काढली: खाजगी कॉलेजातल्या निम्म्या जागा कमी फीच्या, निम्म्या जादा फीच्या, एकाच्या पैशांत दुसऱ्याने शिकावे. २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही तोड मोडीत काढली. एका विद्यार्थ्याचा भार दुसऱ्यावर का, असा त्यांचा रोख होता. संस्थेने वाढीपुरती शिल्लक ठेवावी, पण नफेखोरी करू नये, असेही बजावले. युक्तिवाद बिनतोड! पण शेजाऱ्याने भरायचे नाही, तर गरिबाचे कोणी भरायचे? उत्तर एकच उरते: आपण सर्वांनी, म्हणजे सरकारने.

आठ लाख आणि एक रुपया

सरकारने काही भरले नाही असे नव्हे. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी प्राधिकरणाकडून ठरवून घ्यावी लागते. ठरलेले आकडे प्रसिद्धही होतात. पालकहो, प्रवेशाआधी ते जरूर पाहून ठेवा. २०२४ च्या जुलैमध्ये आणखी मोठे पाऊल पडले: वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. "भावाचे आधी होऊ दे, मग तुझे बघू," हे वाक्य ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आले, तिथे या निर्णयाचे मोल विचारा.

पण आठ लाखांवर एक रुपया झाला की दार बंद! नोकरी करणाऱ्या जोडप्याचे उत्पन्न पगारपत्रकावर पै न् पै लिहिलेले असते. गल्ल्यावर बसणाऱ्याचे कागदावर तेवढेच दिसेल असे नाही. शिवाय फी माफ झाली तरी खोलीभाडे आणि मेसचे बिल माफ होत नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, ती हेच ओळखून.

राहता राहिले बँकेचे कर्ज. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो. नोकरी लागो न लागो. इंग्लंडात निराळी रीत आहे. तिथे १९९८ मध्ये फी सुरू झाली आणि २०१२ पासून ती वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत गेली. मात्र परतफेड पगारातून होते: ठराविक उत्पन्नाच्या वर जेवढे मिळेल, त्याचे नऊ टक्के. मिळकत नाही, तर हप्ताही नाही. आणि काही वर्षांनी उरलेले कर्ज माफ. तिथली तरुण मंडळीही व्याजाने कावली आहेत; पण बेकारीत दारावर वसुलीवाला येत नाही, हे काय थोडे झाले?

मग आपण काय करावे? घराने ऐपतीप्रमाणे भरावे. ती ऐपत एका रुपयाच्या कड्यावरून न मोजता पायरीपायरीने मोजावी. विद्यार्थ्याने कमावू लागल्यावर कमाईच्या प्रमाणात परत करावे. उरलेले समाजाने द्यावे. आणि जो तालुक्याला डॉक्टर, शाळेत शिक्षक किंवा इस्पितळात परिचारिका म्हणून राबेल, त्याच्याकडून परतफेडही मागू नये. त्याची सेवा हीच परतफेड.

यंदा फराळाच्या ताटाभोवती घरातली सारी शिकलेली माणसे जमतील. तेव्हा मुलांच्या फीच्या आधी एकमेकांना विचारा, "तुमच्या शिक्षणाचे कोणी भरले होते?" कोणी अनुदानाचे नाव घेईल, कोणी ई. बी. सी.चे, कोणी गावच्या वसतिगृहाचे. स्वतःच्याच खिशातून सगळे भरले, असे सांगणारा क्वचित सापडेल. जुने बिल असे आपल्या नावावर उभे असताना, पुढच्या पिढीने मात्र आपापले पाहावे, असे आपल्याला म्हणता येणार नाही.