मुलींचा संघ आणि पोटभर जेवण

‘फुटसाल’ हे नाव ऐकून आमच्या शेजारच्या काकूंना ते एखाद्या फरसाणाचं वाटलं. हसू नका, आपल्या सोलापुरात कितीजणींना ते ठाऊक आहे? तर मैत्रिणींनो, फुटसाल म्हणजे छपराखाली, साधारण 40 बाय 20 मीटरच्या कोर्टवर खेळायचा फुटबॉल. एका बाजूला पाचच खेळाडू, चेंडू लहान आणि कमी उसळणारा.

पुरुषांचा फुटसाल विश्वचषक 1989 मध्ये सुरू झाला. बायकांचा पहिला व्हायला मात्र 2025 साल उजाडलं, तोही फिलिपिन्समध्ये. 36 वर्षं! तेवढ्यात एखादी खेळाडू सासूसुद्धा झाली असेल की. आपल्या मुलींचा फुटसाल संघही जानेवारी 2025 मध्ये, आशियाई पात्रता फेरीसाठी इंडोनेशियात, पहिल्यांदा उतरला.

त्याच महिन्यात दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये आपल्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. कप्तान होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. पुरुषांचा आणि बायकांचा विश्वचषक एकाच आठवड्यात, एकाच छताखाली झाला. ‘आधी त्यांचं होऊ दे, मग तुमचं बघू’ असं कुणी म्हटलं नाही.

पण पंधरा मुलींना सारखे ड्रेस शिवले की देशाचा संघ होतो का? त्यासाठी शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांच्याकडे बघावं लागेल. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघानं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा त्या कप्तान होत्या. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी होत्या. तुळजापूर म्हणजे आपलंच. कोजागिरीला आपण चालत जातो तिथं.

पुरस्काराच्या वेळी त्यांनी वर्तमानपत्रांना जे सांगितलं, ते वाचून माझा घास अडकला. जवळजवळ दहा वर्षं त्या एकवेळच जेवत होत्या. वडिलांना शारीरिक अडचण, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते शिबिरात, नाहीतर स्पर्धेला गेल्यावर. म्हणजे शिबिर संपलं की खुराकही संपला! आणि पोरीनं धावायचं मात्र देशासाठी. 2016 मध्येच घरच्या अडचणींनी त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं. खोलीचं दार लावून बसल्या होत्या. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, म्हणून त्या परत मैदानात आल्या. अशी समजूत घालणारं कुणी भेटलं नाही, अशा किती जणी घरी बसल्या असतील?

जेवणानंतर जागेचा प्रश्न. खो-खो मुळात मातीतला, पण मोठे सामने आता मॅटवर होतात. मातीत वाढलेल्या पोरीला मॅटवर झटक्यात वळायचं म्हणजे पाय नव्यानं शिकवायचे. फुटसालला तर हॉलच हवा. आपल्या गावांत लग्नाची कार्यालयं भरपूर, पण मुलींना खेळायला छप्पर?

आणि पुढे पोटापाण्याचं काय? विश्वचषकानंतर महाराष्ट्रानं आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी आणि सरकारी नोकरी जाहीर केली. कर्नाटकनं पाच लाख दिले, तर तिथल्या चैत्रानं ते नाकारले. बरं केलं. बक्षीस एकदाच मिळतं, घर रोज चालवावं लागतं.

2022 मध्ये ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. टीव्हीवर दिसली, खेळाडूंना पैसे मिळाले. ती फक्त पुरुषांची होती.