खजर: व्होल्गाकाठचे ज्यू राजे

सातव्या ते दहाव्या शतकात कॉकेशसच्या उत्तरेला खजर या तुर्की वंशाच्या लोकांचं बलाढ्य राज्य होतं. व्होल्गाच्या मुखाजवळचं अतील ही त्यांची राजधानी. एकीकडे ख्रिस्ती बायझंटाइन साम्राज्य, दुसरीकडे मुस्लिम खिलाफत. अशा कात्रीत असताना राजघराण्याने आणि सरदारांनी ज्यू धर्म स्वीकारला. प्रजा मात्र नाना धर्मांचीच राहिली. अतीलमध्ये सात न्यायाधीश होते, असं अरब इतिहासकार अल-मसूदी लिहितो: ज्यू, मुस्लिम, ख्रिस्ती यांच्यासाठी प्रत्येकी दोन आणि मूर्तिपूजकांसाठी एक. त्या काळी ही व्यवस्था थक्क करणारीच म्हटली पाहिजे.

या धर्मांतराचा सर्वांत बोलका पुरावा मिळाला तो पार स्वीडनच्या गोटलंड बेटावर. १९९९ साली तिथे सापडलेल्या चांदीच्या साठ्यात अरबी दिरहमच्या धर्तीवर पाडलेलं, इ. स. ८३७-३८च्या सुमाराचं एक खजर नाणं होतं. त्यावर अरबीतच ‘मूसा (म्हणजे ज्यूंचा मोझेस) ईश्वराचा प्रेषित’ असं कोरलं आहे.

९६५च्या सुमारास कीव्हचा राजा स्व्यातोस्लाव याने खजरांचं राज्य मोडलं. युरोपातले ज्यू खजरांचेच वंशज, हे मत लेखक आर्थर कोस्लरच्या १९७६च्या पुस्तकामुळे गाजलं. जनुकीय अभ्यासांनी त्याला आधार दिलेला नाही. ज्यूद्वेष्टे मात्र ते आजही हत्यारासारखं वापरतात, तेव्हा असं काही वाचनात आलं तर सावध राहा.