सायक्सचे मासे

पैठणला नाथसागराच्या काठी मासे घ्यायला जातो तेव्हा माझ्या खिशात एक यादी असते: शिंगाळा, खुद्री, रोहटी, नकटा, बालुकी, मुरे. नावं सगळी मराठी, पण मी ती उतरवून घेतली एका इंग्रजी निबंधातून. निबंध कर्नल विल्यम हेन्री सायक्सचा, ‘दख्खनचे मासे’ या विषयावरचा. १८३९मध्ये त्याचा गोषवारा आला आणि १८४१मध्ये चित्रांसह पूर्ण निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीनं छापला.

सायक्स ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला, खडकीची लढाई पाहिलेला. १८२४मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सरकारनं त्याला मुलखाची आकडेवारी गोळा करायला नेमलं. १८२९मध्ये पदच रद्द झालं, तर या गड्यानं रजा काढली आणि १८३१पर्यंत काम पुरं केलं. त्याची पिकं, पाऊसमान, लोकसंख्या वगैरे इतरांनी चघळून झाली आहेत. माझा जीव अडकला तो माशांत.

नव्या जातीला मित्राचं, वरिष्ठाचं नाव चिकटवायची साहेबलोकांत रीत होती. सायक्सनंही ती पाळली, पण अनेकदा त्यानं इथल्या लोकांच्या तोंडचा शब्दच उचलला. शिंगाळ्याच्या शास्त्रीय नावात ‘सिंघाला’ आहे, महसीरच्या एका जातीत ‘खुद्री’. ‘रोहटी’ तर अख्ख्या प्रजातीचं नाव झालं. सगळ्यांत गमतीदार ‘नुक्ता’. या माशाच्या तोंडावर आडवी खोल खाच असते आणि तिच्यावरचा भाग खरखरीत शिंगासारखा पुढे येतो. हा आपला ‘नकटा’च असणार.

मूळचा तो कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला, तरी पैठणला उगाच विचारून पाहिलं. मासेवाल्या मावशी हसल्या. “नकटा? ते पाखरू की, दादा!” खरंच, चोचीवर उंचवटा असलेल्या बदकालाही नकटाच म्हणतात. मावशींच्या टोपलीत होती चिलापी. पलीकडच्या पाटीत रोहू आणि कटला, ‘देशी’ म्हणून.

माझा वाद या ‘देशी’शी आहे. चिलापी आफ्रिकेची, भारतात आली १९५२मध्ये. ती परकी हे सगळ्यांना मान्य. पण रोहू, कटला, मृगळ हे मुळात गंगेकडचे. वर्षानुवर्षं त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, धरणाधरणांत सोडली जाते. मासेमारी करणाऱ्याच्या चुलीचा प्रश्न आहे, म्हणून मी बोटुकलीच्या विरोधात नाही. मात्र हे पीक आहे, जंगल नव्हे, एवढं तरी कबूल करू. वर आफ्रिकी मागूर. त्याच्या पैदाशीवर बंदी आहे, तरी तो तळ्यांतून निसटून नद्यांत शिरतो आणि दिसेल ते खातो.

मुख्य घाव मात्र धरणाचाच. ज्याच्यामुळे नाथसागर साचला त्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ची, लोकार्पण १९७६चं. मराठवाड्याला पाणी मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण खुद्रीसारख्या माशाला वाहतं पाणी, खडकाळ तळ आणि पावसाळ्यात वर चढायला मोकळी वाट लागते. साचलेल्या पाण्यात चिलापीचं फावतं. खाली नदीपात्रात वाळूउपसा, म्हणजे अंडी घालायची जागाही गेली. गोदावरी-कृष्णेतला सिलोनिया चिल्ड्रेनी, सायक्सनंच नोंदवलेला, आता आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त आहे. नुक्ताही त्याच यादीत.

नाथसागर १९८६मध्ये अभयारण्य झालं, ते पक्ष्यांसाठी. रोहित पक्षी आले की कॅमेरे घेऊन शहर लोटतं. पाण्याखाली काय उरलंय, हे बघायला कोणी येत नाही. उत्पादन टनांत मोजलं जातं. जातवार मोजणीही तितक्याच नेमानं व्हायला हवी.

सायक्सची हद्द पुणे-नगरकडची. आपला भाग तेव्हा निजामाचा, म्हणून गोदेच्या या काठची अशी यादी त्यानं केली नाही. ती आपण करू. कहार, भोई वस्तीतल्या जुन्या माणसांना अजून नावं आठवतात. कोणी भेटलं तर लिहून घ्या. माशाचं नाव, गाव आणि शेवटचा कधी पाहिला ते साल, एवढं पुरे.